मामांच्या जुन्या डेस्कटॉपची दुरुस्ती : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग तपशील. २०१३ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क), वाढीव रॅम, नवा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) यांवर आज व्यवस्थित चालतो आहे. गेल्या मे महिन्यात काम केलं. त्यानंतर कोकणातला अख्खा पावसाळा गेला, शिमगाही होऊन गेला, पण मशीन मध्येच बंद पडलेलं नाही. पैसे वसूल झाले. मात्र वेळ आणि डोकं सगळ्यात जास्त गेलं ते मामांच्या मराठी फाइलींवर. दुकानात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही आणि अशा फाइली घरोघरी पडून आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मशीन असं होतं : इंटेल कोअर आय३-३२२०, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबी हार्डडिस्क आणि ३२ बिट विंडोज ७. मामा निवृत्त शिक्षक, राहायला रत्नागिरी जिल्ह्यात. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत ते वीसेक वर्षं जमवताहेत. कोणती शाखा कुठून कुठे गेली, कुणाकडे कोणती जुनी कागदपत्रं आहेत, कुणाच्या लेकी कुठे दिल्या, असं सगळं. हे सारं पेजमेकर ७ या पानं मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं. मागच्या कॉम्प्युटरवरून या कॉम्प्युटरवर आलेलं, आणि दुसरीकडे कुठेही प्रत नाही.

तक्रारी एकात एक गुंतल्या होत्या, आणि खरा मनस्ताप तोच होता. मशीन चालू व्हायला चार-पाच मिनिटं. काम करता करता अचानक बंद. कधी चालू केलं तर नुसता पंखा फिरतो, पडदा काळाच. आणि मामांचा फोन : "अगो, नेट गेलंय का बघ, बँकेचं पान उघडत नाही." तालुक्याच्या दुकानात एकदा रॅम गेली म्हणाले, मग मदरबोर्ड गेला म्हणाले, शेवटी "फॉरमॅट मारून देतो, नाहीतर नवीनच घ्या." प्रत्येक निदान एका लक्षणापुरतं बरोबर वाटायचं. प्रत्यक्षात दोष एक नव्हता, चार-पाच होते, आणि एक दुरुस्त केला की दुसरा वर यायचा.

फॉरमॅटला मी ठाम नकार दिला. त्यामागचं कारण नीट समजून घ्या. दुकानदार म्हणतात, फक्त सी ड्राइव्ह उडवतो, तुमचा डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे. पण डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल सी ड्राइव्हमध्येच असते. त्याहून महत्त्वाचं, जुने मराठी फाँट विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये असतात. डी ड्राइव्हमधली फाइल शाबूत राहिली तरी फाँट गेला की तिच्यात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडाच दिसतो. त्या काळच्या फाँटांमध्ये मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसे. साठवलेला असे इंग्रजी अक्षराचा क्रमांक, आणि फाँट त्या जागी मराठी आकार दाखवी. कोणत्या क्रमांकाला कोणता आकार, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणून नेमका तोच फाँट हवा. तुमच्या घरात १९९५ ते २०१० च्या दरम्यानचं मराठी लिखाण कॉम्प्युटरवर असेल, तर आज पहिलं काम हे करा : फाँट्स फोल्डरची संपूर्ण प्रत एका पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

हार्डडिस्क तपासली. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामनं पिवळ्या रंगात सावधानतेचा इशारा दिला. वाचता न येणारे, बदलीची वाट पाहणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाढत चालले होते. अशा डिस्कवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-दुरुस्ती, चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अजिबात पटत नाही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला आणखी राबवायचं, आणि वर तिच्यातच लिहायचं, यात डेटा जाण्याचा धोका वाढतो. मी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू वापरून आख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या डिस्कवर घेतली. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि मग तिकडे परत येतं. मध्येच वीज गेली तरी नोंदीच्या फाइलीमुळे पुढचं काम तिथूनच सुरू करता येतं. थोडे सेक्टर कायमचे गेले, पण कुलवृत्तांताची एकही फाइल त्यात गेली नाही. तो निकाल पाहिला तेव्हा मामांच्या आधी मामींनी देवासमोर साखर ठेवली.

आता सुटे भाग.

अचानक बंद पडण्याचं कारण एसएमपीएस निघालं. वर ४५० वॅट छापलेलं, आत कपॅसिटर फुगलेले. बारा व्होल्टच्या तारेवर मशीन कामात असताना मल्टिमीटर लावला तर साडेअकराच्याही खाली. नियमानुसार पाच टक्के फरक चालतो, म्हणजे ११.४ ही शेवटची मर्यादा. नावाजलेल्या कंपनीचं साधंसं एसएमपीएस घेतलं आणि बंद पडणं थांबलं. दुकानात हे कुणी मोजून पाहिलं नव्हतं. जुनं मशीन अचानक बंद पडत असेल तर रॅम आणि मदरबोर्डला दोष देण्याआधी एसएमपीएस मोजा, ही माझी कळकळीची विनंती.

काळ्या पडद्याचं कारण साधं होतं. दमट हवेनं रॅमच्या पट्टीचे संपर्क काळवंडले होते. पट्टी काढून खोडरबराने हलक्या हाताने पुसली, स्लॉट ब्रशने साफ केला, पडदा उजळला. बँकेचं पान न उघडण्याचं कारण मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा तीन व्होल्टचा सीआर२०३२ सेल. तो संपला की मशीनची वीज मेन स्विचवरून बंद केल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग ब्राउझरला प्रत्येक सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि तो पान उघडू देत नाही. मामांना वाटायचं नेट गेलं. या सेलची किंमत किरकोळ, आणि त्यापायी किती फोन झाले. त्यात क्रोमनं फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज ७ साठी नव्या आवृत्त्या देणं थांबवलेलं, म्हणजे घड्याळ दुरुस्त होऊनही ब्राउझर जुनाच राहणार होता.

एसएसडीबद्दल मला बऱ्याच जणांनी सांगितलं की एच६१ बोर्डवर साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, वेग सेकंदाला तीन गिगाबिटच मिळतो, एसएसडी वाया जाईल. हे चूक आहे. सलग मोठी फाइल कॉपी करताना वेग निम्म्यावर येतो, हे खरं. पण मशीन चालू होताना डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेले हजारो छोटे तुकडे वाचावे लागतात. फिरत्या डिस्कला तसे सेकंदाला शंभरच्या आसपास जमतात, एसएसडीला कितीतरी हजार. मामांचं मशीन आता अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतं. जुन्या कॉम्प्युटरवर एकच गोष्ट बदलायची ऐपत असेल तर ती एसएसडी असू द्या.

रॅम घेताना सावध राहा. डीडीआर३ आता बहुतेक जुन्या बाजारातच मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही पट्ट्या फार स्वस्त सांगतात, आणि त्या फक्त एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डवर चालतात. इंटेलच्या बोर्डमध्ये लावल्या तर मशीन सुरूच होत नाही. विक्रेत्याला बोर्डाचं नाव सांगा, बदलून देण्याचं बिलावर लिहून घ्या, आणि घरी आल्यावर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. मी ४ जीबीच्या सारख्या दोन पट्ट्या लावल्या. रॅमचे दोन्ही चॅनेल (डेटाचे मार्ग) वापरात आल्याचा फायदा या प्रोसेसरला दिसतो, कारण ग्राफिक्ससाठीही तीच रॅम वापरली जाते.

एक गोष्ट कॉम्प्युटरबाहेरची. कॅबिनेटला हात लावला की मामींना मुंग्या यायच्या आणि सगळे म्हणायचे, कॉम्प्युटरमध्ये करंट उतरलाय. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर थेट बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की बॉडीवर व्होल्टेज तरंगत राहतं. मामांच्या घराचं अर्थिंग नावापुरतंच होतं. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, ते एक वेगळंच. वायरमनला बोलावून कोळसा-मीठ घालून नवा खड्डा करून घेतला, मामा आता उन्हाळ्यात त्यात पाणी घालतात. यूपीएसची बारा व्होल्टची बॅटरी त्याच वेळी बदलली. मुंग्या थांबल्या. पावसाळ्यात विजा कडकडायला लागल्या की सगळे प्लग काढायचे, हा मामांचा नियम मात्र तसाच आहे आणि तो योग्यच आहे.

विंडोजचा प्रश्न. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर. हा तिसऱ्या पिढीचा. पळवाटेनं टाकता येतं, पण पंचाहत्तरीच्या माणसाच्या बँकेच्या कामाच्या मशीनवर पळवाट नको. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे मे महिन्यातच माहीत होतं. म्हणून लिनक्स मिंट २२, ज्याला २०२९ पर्यंत अद्ययावत आवृत्त्या मिळतील. मामांची धास्ती एकच होती : टायपिंग परत शिकावं लागेल का? ते सी-डॅक या सरकारी संस्थेच्या सॉफ्टवेअरवर इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिकलेले. मिंटमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आहेच, बोटं तीच, कळा त्याच. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी एक आख्खं पान टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं. या देशातल्या बहुतेक लिप्यांसाठी एकच कळफलक प्रमाण ठरवण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांचे उपकार मला त्या संध्याकाळी कळले.

पेजमेकरचा प्रश्न सगळ्यात चिवट. त्यातल्या मराठीसाठी लागणारं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या छोट्या किल्लीशिवाय, उघडत नाही, आणि ६४ बिट विंडोजवर जुने १६ बिटी इन्स्टॉलर मुळात चालतच नाहीत, त्यामुळे नवं मशीन घेतलं असतं तरी हा डोंगर तसाच समोर राहिला असता. मी वाचवलेल्या प्रतिमेतून जुनं विंडोज ७ जसंच्या तसं व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उभं केलं. आधी निळा पडदा आला. व्हर्च्युअल डिस्कचा कंट्रोलर साटाऐवजी आयडीई या जुन्या पद्धतीचा केल्यावर ते उघडलं. त्याचं इंटरनेट पूर्ण तोडलं आहे, कारण विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. डोंगल व्हर्च्युअलबॉक्सला जोडून दिला. आता मामा मिंटमधूनच एका खिडकीत आपलं जुनं पेजमेकर उघडतात, तेही फक्त जुनं वाचायला. नवं लिखाण लिब्रेऑफिसमध्ये, यशोमुद्रा आणि आयआयटी मुंबईच्या शोभिका फाँटमध्ये.

राहिलं ते जुन्या मजकुराचं युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या प्रमाण पद्धतीत, रूपांतर. कन्व्हर्टर मिळतात, पण नुसतं बटण दाबून पुस्तक तयार होत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. अनुस्वार मध्ये आला की कन्व्हर्टर गोंधळतो आणि 'गोविंद'चा 'गोवंिद' करतो. रफार चुकीच्या अक्षरावर चढतो. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' हमखास बिघडतात, म्हणजे कऱ्हाडला गेलेली शाखा शोधात सापडतच नाही. पेजमेकरमधून नुसता मजकूर बाहेर काढला की कोणता शब्द कोणत्या फाँटमध्ये होता ही माहिती पुसली जाते, मग कन्व्हर्टर इंग्रजीत लिहिलेल्या पदव्यांचंही मराठी करायला जातो. नेहमीच्या चुकांसाठी मी शोधा-बदला नियमांची यादी केली आहे, तरी नावं आणि सनावळ्या मामांनाच मूळ पानाशी ताडून पाहाव्या लागतात. कुलवृत्तांतात एक वेलांटी चुकली तरी माणूस बदलतो, असं ते म्हणतात आणि मला ते पूर्ण मान्य आहे.

उणिवाही सांगते. या प्रोसेसरला यूट्यूबच्या व्हिडिओंचा व्हीपी९ प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. १०८० वर दशावतार पाहताना पंखा ओरडतो, ७२० वर ठीक. जुन्या लेझर प्रिंटरसाठी लिनक्समध्ये वेगळं प्लगइन टाकावं लागलं. मामांना पहिले दोन महिने प्रत्येक गोष्ट "माझं ते कुठे गेलं" अशी शोधावी लागली. वहीत त्यांनी मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून ठेवल्या आणि आता वही क्वचित उघडते. दुरून मदत करायला स्क्रीन शेअर करणारं सॉफ्टवेअर टाकलं आहे, पण ते नेहमी बंद ठेवायचं आणि मी आधी व्हिडिओ कॉल केला तरच सुरू करायचं, असा आमचा पक्का नियम आहे. बँकेच्या नावाने फोन करून हेच सॉफ्टवेअर चालू करायला सांगणारे भामटे म्हाताऱ्या माणसांना गाठतात.

एकूण खर्च नव्या बऱ्यापैकी डेस्कटॉपच्या चौथ्या हिश्श्याच्या आत राहिला. वापर फक्त ब्राउझिंग आणि बँकेपुरता असेल, आणि घरात वेळ द्यायला कुणी नसेल, तर सरळ नवं घ्या. आमच्याकडे नवं घेऊनही फाइलींचं काम इतकंच उरलं असतं.

बॅकअपच्या दोन डिस्क आहेत, एक मामांच्या कपाटात, एक माझ्याकडे पुण्यात. दर सणाला गेले की अदलाबदल करते. रूपांतर निम्म्याच्या पुढे गेलं आहे. ते पूर्ण होऊन मामांनी शेवटचं पान ताडून पाहीपर्यंत व्हर्च्युअल विंडोज ७ काढायचं नाही, असं ठरलं आहे. एसएसडीवरची बरीच जागा ते अडवतं, अडवू दे.