घरपोच भाडेकरार: काम चोख, मसुदा मालकधार्जिणा

पुण्यात वारज्याला फ्लॅट भाड्याने घेतला, तेव्हा घरी येऊन भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या ज्या एजंटचा नंबर सोसायटीच्या वॉचमनने दिला, त्याच्याकडूनच करार करून घेतला. नाव लिहीत नाही. पाचपैकी साडेतीन.

पोरगा सांगितल्या वेळेला लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन हजर. घरमालकीण काकू सत्तरी ओलांडलेल्या, त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना. न वैतागता त्याने ओल्या रुमालाने हात पुसायला लावले, एकेक बोट लावून पाहिलं आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटावर आधार जुळलं एकदाचं. काकूंनी त्याला चहा पाजूनच सोडलं. नोंदणी क्रमांकासकट करार आठवड्याच्या आत व्हॉट्सॲपवर आला.

पैसे ३,५००, निम्मे काकूंचे. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. भाडं २२,०००, डिपॉझिट एक लाख, मुदत अकरा महिने. शुल्क सातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी हाताळणी शुल्क आणि त्याची मेहनत. वाजवी आहे. पण बिल मागितलं तर म्हणे, "मॅडम, या कामाचं बिल कोण देतं?" सेवा देऊन बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन लावू का विचारल्यावर शिक्का मारलेली पावती आली.

तारे कापले ते मसुद्यासाठी. रंगकामाला एक महिन्याचं भाडं कापणार, मालक "केव्हाही" पाहणीला येणार, डिपॉझिट परत कधी देणार याबद्दल अवाक्षर नाही. बदल सुचवला तर "सिस्टीम घेत नाही." घेते की! जादा अटी लिहायला जागा असते. काकूंनीच दटावल्यावर "२४ तास आधी कळवून" आणि "चावी देताना डिपॉझिट परत" हे घातलं. सगळ्यांच्या नशिबी अशा काकू नसतात.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चं कलम ५५ वाचा: मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी मालकाची. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य.

डिपॉझिट अडकलं तर मात्र हा कायदा फारसा कामाचा नाही. एजंटविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, मालकाशी निव्वळ भाड्याचं भांडण तिथे सहसा चालत नाही. लाखभरासाठी दिवाणी कोर्टात खेटे कोण घालणार? केंद्राने जून २०२१मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच, आणि भाडे न्यायालयाने ६० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करायचा. पण तो राज्याने स्वीकारला तरच. त्या हिशेबाने माझं डिपॉझिट ४४,००० झालं असतं.

एजंट बोलवाच, पण मसुदा आदल्या दिवशी मागवून घ्या. मशीन टेबलावर आल्यावर वाचायला कुणी वेळ देत नाही.