साधा कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम की सिग्नल : ऊसतोड मजुरांत काम करणाऱ्यांनी काय निवडावं?

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघाले की त्यांच्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे फोनही तापायला लागतात. कोणत्या मुकादमाने किती उचल दिली, कोणती टोळी कारखान्यावर अडकवून ठेवलीय, कोणत्या बाईला कोणत्या दवाखान्याने पिशवी काढायला सांगितली, सगळं फोनवरूनच येतं. केज-धारूरकडच्या अशाच एका सात-आठ जणांच्या गटाने सरळ विचारलं : आमचं बोलणं सरकारला दिसतं का? आणि दिसत असेल तर कशावर कमी दिसतं?

दिसू शकतं, आणि कायद्यात तशी सोय आहे. फोन ऐकण्याचा अधिकार १८८५च्या टेलिग्राफ कायद्यापासून चालत आला. आता त्याची जागा २०२३च्या दूरसंचार कायद्याने आणि त्याखालच्या डिसेंबर २०२४च्या नियमांनी घेतली आहे. इंटरनेटवरच्या मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आणि २००९चे नियम आहेत. आदेश काढतात केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव. एक आदेश ६० दिवस चालतो, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत नेता येतो. न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. आदेश तपासायला समिती असते, पण राज्यात तिच्या अध्यक्षस्थानी मुख्य सचिव आणि सोबतीला इतर सचिव. म्हणजे आदेश काढणारेही सरकारचेच आणि तपासणारेही सरकारचेच. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतर कळवायची तरतूदही नाही.

कोर्टाने लगाम घातलेला नाही असं नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगवर पहिल्यांदा बंधनं घातली. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. पण तो माणूस गुन्ह्यात आरोपी होता, म्हणून टॅपिंग झाल्याचं त्याला कळलं तरी. ज्याच्यावर खटलाच नाही, तो दाद कशाची मागणार?

तरीही खरं सांगायचं तर तालुक्याच्या कार्यकर्त्याचा फोन कुणी कानाला लावून बसलंय, ही शक्यता कमी. गृहसचिवांच्या सहीपर्यंत जायची गरजच पडत नाही, कारण सीडीआर, म्हणजे फोन कंपनीकडची कॉलची नोंद, हाताशी असतो.

साधा कॉल आणि एसएमएस

सीडीआरमध्ये बोलणं नसतं. कुणाला, किती वाजता, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखालून, एवढंच. हे रेकॉर्ड कंपन्यांना दोन वर्षं ठेवावं लागतं आणि पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मागणीवर ते मिळतं. अपहरण, खंडणी, खून अशा तपासांत याच कागदावर आरोपी सापडतात, तेव्हा ते नसावं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या कामाच्या अंगाने बघा. एखाद्या बाईने तक्रार करायच्या आदल्या रात्री तुम्हाला तीन वेळा फोन केला, मग तुम्ही वकिलाला केला, मग वकिलाने पत्रकाराला. एक शब्दही न ऐकता पूर्ण गोष्ट वाचता येते. मोर्चाच्या दिवशी टॉवर डंप काढला तर त्या टॉवरखालचे सगळेच नंबर एका यादीत येतात. दूध घालायला आलेला माणूससुद्धा.

एसएमएस तर उघडं पोस्टकार्ड. ओटीपीपलीकडे त्यावर काही पाठवू नये.

आणि आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे, जी पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत येत नाही. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीला आरक्षण आंदोलनात बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. फेब्रुवारी २०२४मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तासांसाठी पुन्हा तेच. इंटरनेट गेलं की व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल सगळी अ‍ॅपं सारखीच मुकी होतात, आणि प्रत्येक जण साध्या कॉलवर येतो. म्हणजे वातावरण सगळ्यात तापलेलं असतं नेमकं तेव्हाच अख्खा जिल्हा सगळ्यात उघड्या साधनावर बोलत असतो. बंदीचे आदेश प्रसिद्ध करावेत आणि ते कोर्टात आव्हान देण्याजोगे असावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितलंय. आपल्या हातात तो कागद पडेपर्यंत नेट बहुधा परत आलेलं असतं.

व्हॉट्सअ‍ॅप

फडावरच्या प्रत्येक टोळीत एक तरी स्मार्टफोन असतो आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅप असतंच. ही त्याची खरी ताकद. २०१६पासून त्यावरचं बोलणं दोन्ही टोकांपर्यंत कुलूपबंद असतं. वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनी मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना 'हा मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या' असं बंधन घातलं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४मध्ये त्यांच्या वकिलाने तिथे स्पष्ट सांगितलं की कुलूप तोडायला लावलं तर व्हॉट्सअ‍ॅप इथून जाईल.

मग भोक कुठे आहे? तीन ठिकाणी. एक, मजकूर नसला तरी कोण कोणाशी जोडलेलं आहे, कधी, कोणत्या ग्रुपात, हे कंपनीकडे बरंच असतं आणि कायदेशीर मागणी आली की त्यातलं देता येतं. दोन, बॅकअप. गूगल ड्राइव्हवर जाणारी प्रत आपोआप तशी कुलूपबंद होत नाही. २०२१पासून सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. मला तरी ती चालू असलेला फोन क्वचितच दिसलाय.

तिसरं भोक बघायचं असेल तर तहसीलसमोरच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात जा. लोक दुकानाच्या नंबरवर कागद पाठवतात, दुकानदार कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवून प्रिंट काढतो, दहा रुपये घेतो. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये सातबारा, आधार, जातीचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि मध्येच कुणाच्या तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट. ते कुणी पुसत नाही. इथे सरकार नाही, हेर नाही, फक्त घाई आहे. तुमच्या गटाने ज्या बायकांचे दवाखान्याचे कागद गोळा केलेत, ते या रस्त्याने जात असतील तर पुढे कोणतं अ‍ॅप वापरता याला फारसा अर्थ उरत नाही.

अ‍ॅडमिनची भीती मात्र थोडी कमी करता येईल. ग्रुपातल्या दुसऱ्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरवता येणार नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलंय. समान हेतू किंवा आधीचं संगनमत दिसलं पाहिजे.

टेलिग्राम

पोलीस भरती, तलाठी भरती, लातूरचे नीटवाले, सगळ्यांच्या नोट्स टेलिग्रामवर. त्यामुळे तरुण कार्यकर्ते म्हणतात, तेच वापरू, ते 'सिक्युअर' आहे. हा गैरसमज सगळ्यात जास्त पसरलेला आहे. टेलिग्रामवरचं नेहमीचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि कंपनीला वाचता येण्याजोगं असतं. 'सीक्रेट चॅट' वेगळी उघडावी लागते, तीही दोघांतच. ग्रुपला ती सोयच नाही.

२०२२मध्ये एका शिक्षिकेचं क्लासचं साहित्य चोरून वाटलं जात होतं. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टेलिग्रामने चॅनल चालवणाऱ्यांची नावं, फोन नंबर आणि आयपी पत्ते दिले. ऑगस्ट २०२४मध्ये मालक पावेल दुरोव्ह यांना फ्रान्समध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने वैध कायदेशीर मागणीवर नंबर व आयपी देण्याचं धोरण जाहीर केलं. हमीभावाची सूचना, मेळाव्याचं पत्रक पाठवायला चॅनल उत्तम. बायकांची नावं त्यावर नकोत.

स्वदेशी म्हणून 'अरट्टई' हे अ‍ॅप घ्या असंही कुणी सुचवेल. २०२५च्या सप्टेंबरात त्याची लाट आली तेव्हा त्याचे कॉल कुलूपबंद होते, साधे मेसेज नव्हते. पुढे बदल होत गेले. सर्व्हर देशात आहे म्हणून मजकूर सुरक्षित, हे मला पटत नाही. आपला प्रश्नच देशातल्या सरकारबद्दलचा आहे.

सिग्नल

कुलपाची पद्धत व्हॉट्सअ‍ॅपचीच. किंबहुना व्हॉट्सअ‍ॅपने ती सिग्नलकडून घेतली. फरक कुलपात नाही, नोंदीत आहे. २०१६मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने दोन नंबरांची माहिती मागवली. त्यातल्या ज्या एका नंबरवर खातं होतं, त्याबद्दल सिग्नलकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. कुणाशी बोललं, कोणत्या ग्रुपात होतं, ते साठवलेलंच नव्हतं. ते चालवतं ना-नफा प्रतिष्ठान, त्यामुळे जाहिरातीसाठी माहिती गोळा करायची गरज नाही. २०२४पासून समोरच्याला नंबर न दाखवता युजरनेमवरही बोलता येतं. खातं उघडायला मात्र नंबर लागतोच.

मोठी अडचण ही : तिथे कुणी नसतं. सांगली-कोल्हापूरच्या फडावर असलेल्या बाईला 'आधी सिग्नल टाका' म्हणून सांगणं म्हणजे तिचा फोन येणं बंद करणं. शिवाय बॅकअप स्वतः चालू केला नसेल तर फोन हरवल्यावर जुनं बोलणं गेलं.

आणि फोन स्वतः

२०१९ आणि २०२१मध्ये पेगॅसस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरची चर्चा झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत काही घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं सिद्ध झालं नाही. केंद्राने सहकार्य केलं नाही, असंही समितीने नोंदवलं. फोनमध्येच शिरलेल्या अशा हत्यारापुढे कोणतंही अ‍ॅप टिकत नाही. पण ते महागडं असतं आणि आपल्यासारख्यांसाठी सहसा काढलं जात नाही. आपल्याकडे फोन जप्त होतो, किंवा ग्रुपातलाच एक जण स्क्रीनशॉट काढून मुकादमाला देतो. त्या स्क्रीनशॉटवर कुठलाच कायदा वा कुलूप चालत नाही. ग्रुप लहान ठेवणं एवढंच.

त्या गटाला मी सांगितलं ते असं. आतल्या सात-आठ जणांनी सिग्नलवर यावं, मेसेज आठवड्यात आपोआप पुसले जातील अशी घडी लावून. टोळ्यांशी आणि मजुरांशी व्हॉट्सअ‍ॅपच. फक्त बॅकअपचं कुलूप आज लावा आणि 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन कोणत्या दुकानाचा कॉम्प्युटर अजून जोडलेला आहे ते बघा. टेलिग्राम जाहीर गोष्टींपुरतं. दवाखान्याचे कागद फोनवर पाठवूच नका, एका जागी कागदावर ठेवा, आणि मेसेजमध्ये नावाऐवजी नोंदवहीतला क्रमांक लिहा. 'आम्ही काय लपवतोय' असं त्यांच्यातले एक दादा म्हणाले. तुमचं नसेल काही, दादा, पण रिपोर्ट तिचा आहे.

नेट बंद होईल त्या दिवसासाठी दहा नंबर वहीत लिहून ठेवायला सांगितले, आणि साध्या कॉलवर 'पोहोचलो', 'भेटू', 'बरं आहे' याच्या पुढे जायचं नाही हे आधीच ठरवायला.