आयजीएम की आयजीजी: सी-१ला कोण जागं करतं?
ठाण्याच्या नौपाड्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि मला तो मनापासून आवडतो. आयजीएम आणि आयजीजी ही प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिनं; सी-१ हा जंतूंशी लढणाऱ्या पूरक प्रथिनांच्या (कॉम्प्लिमेंट) साखळीतला पहिला दुवा. मी फळ्यावर सी-१चा पकडणारा भाग, सी-१क्यू, काढते: एका जुडीतल्या सहा कळ्या. खाली कापायचं काम करणारी प्रथिनं: दोन सी-१आर, दोन सी-१एस. प्रतिपिंडावर एकच कळी टेकली तर पकड सुटते. दोन-तीन तरी एकदम टेकायला हव्यात.

आयजीएममध्ये पाच प्रतिपिंडं मुळातच जोडलेली असतात. रक्तात ते चपटं असतं, जंतूवर बसलं की खेकड्यासारखं वाकतं आणि सी-१क्यूच्या जागा उघड्या पडतात. म्हणून एक रेणूही पुरतो.

आयजीजी एकटं काही करू शकत नाही. ठाण्याच्या मुलींना दहीहंडी सांगावी लागत नाही: गोविंदांनी खांद्याला खांदा लावून कडं केलं तरच थर चढतो. इथेही जंतूवर सहा आयजीजींचं कडं झालं, की काम उत्तम होतं. आयजीजी-४ हा आयजीजीचा उपप्रकार मात्र सी-१ला जवळजवळ दाद देत नाही.

पुढची वाट एकच. सी-१आर स्वतः जागं होतं, सी-१एसला कापून जागं करतं, ते साखळीतली पुढची प्रथिनं, सी-४ आणि सी-२, तोडतं.

नगाला नग लावला तर आयजीएमच सरस. तरी आयजीजीला मी दुय्यम म्हणणार नाही. ऊतींमध्ये शिरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं ते तेच.