वाळूजचे पावडर कोटिंग : चासीला उत्तम, खताच्या पेटीला अपुरे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि त्याच्या आधाराने जे पूरक उद्योग वाढले, त्यांत पावडर कोटिंग, म्हणजे धातूवर रंगाची कोरडी पावडर उडवून ती भट्टीत वितळवून पक्की करण्याचे काम, करणारेही पुष्कळ आहेत. कंपन्यांच्या ऑर्डरी हातात असताना गिऱ्हाइकाचे एखाददुसरे जुने काम घेण्यास त्यांच्यापैकी फारसे कोणी राजी नसते. येथे ज्याविषयी लिहीत आहे ते लहान वर्कशॉप मात्र मोटारसायकलची चासी, स्विंग आर्म (मागचे चाक धरणारा दांडा), साइड स्टँड, इतकेच काय, पेरणी यंत्राचे सुटे भागही घेते.

कोटिंगचे आयुष्य पावडर उडवण्यापूर्वीच ठरते. या वर्कशॉपमध्ये जुना रंग आणि गंज ब्लास्टिंगने, म्हणजे जोराने खर मारून, पत्रा उघडा पडेपर्यंत काढतात, तेलकटपणा धुतात, पावडर घट्ट धरावी म्हणून फॉस्फेटचा थर देतात आणि मगच विद्युतभारित पावडर मारून जॉब १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालतात. नुसत्या पॉलिश पेपरने घासून वरून पावडर मारणारे स्वस्तात काम करून देतात खरे, पण पहिल्याच पावसाळ्यानंतर त्याचे पोपडे सुटू लागतात. माझ्या चासीवर जाडी मोजणारे यंत्र लावून दाखवले, तेव्हा सपाट भागावर ७० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास थर होता. साध्या पॉलिस्टर पावडरसाठी तो योग्यच आहे.

पावसाळ्यातला चिखल आणि त्यानंतरचा मराठवाड्याचा उन्हाळा सोसूनही चासीचा काळा रंग फिका पडलेला नाही. बाहेर उन्हात राहणाऱ्या भागाला निव्वळ इपॉक्सी पावडर देऊ नये, कारण ती उन्हाने खडूसारखी पांढरट होते. येथे न विचारताच पॉलिस्टर सुचवली गेली. सायलेन्सरचे काम तर त्यांनी सरळ नाकारले. साधी पावडर त्या उष्णतेला टिकत नाही, त्यासाठी सिलिकॉनयुक्त कोटिंग लागते, हे गिऱ्हाईक परत पाठवून सांगणारा दुकानदार विरळाच.

तेथेच दिलेल्या पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीच्या बाबतीत मात्र निराशा झाली. आतल्या कोपऱ्यांत विद्युत क्षेत्र पोचत नसल्याने पावडर कमी बसते आणि पत्र्याच्या धारांवरून ती भट्टीत वितळताना मागे सरकते. नेमक्या याच ठिकाणी पोटॅशमधला क्लोराइड आणि हवेतला ओलावा पत्रा खातात. एकदा चरा पडला की गंज कोटिंगखालून पसरत जातो आणि वरून काहीच दिसत नाही. अशा पेटीला आधी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलिस्टर, असे दोन थर हवे होते. ती सोय तेथे आहे, दरही वेगळा आहे, परंतु काम घेताना त्याचा उल्लेख कोणी केला नाही, आणि माझ्या मते ही उणीव मोठी आहे.

मास्किंगही, म्हणजे पावडर नको त्या जागा झाकण्याचे कामही, ढिसाळ आहे. नटबोल्टच्या आट्यांत पावडर जाऊन पक्की झाल्याने टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून आटे साफ करावे लागले आणि बेअरिंगच्या जागा मेकॅनिकने घासून घेतल्या. त्यामुळे झाकायच्या प्रत्येक जागेवर काम देतानाच खडूने खूण करून द्यावी आणि रबरी बुश घरीच काढून ठेवावेत, कारण भट्टीत ते टिकत नाहीत. चासी आणि स्विंग आर्मसाठी मी पुन्हा येथेच जाईन. पेटीसाठी गेलो तर दोन थरांची अट पावतीवर लिहून घेईन.