३४९ रुपयांचा काटा आणि चिंगीचे वजन

रवा-मैदा मोजण्यासाठी म्हणून विकला जाणारा, दहा किलो क्षमतेचा आणि एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा डिजिटल वजनकाटा आम्ही गेल्या डिसेंबरमध्ये हिंगणघाटच्या बाजारातून ३४९ रुपयांना आणला. त्यावर अजून रव्याचा दाणाही चढलेला नाही. तो घेतला तो चिंगीसाठी, म्हणजे आमच्या मुलीच्या साडेतीन वर्षांच्या गिनीपिगसाठी. मूत्राशयातील खडा काढण्याची तिची शस्त्रक्रिया नागपूरला झाली, आणि घरी पाठवताना डॉक्टरांनी जो कागद दिला त्यावर औषधांच्याही वर पहिली ओळ होती: रोज एकाच वेळी वजन करा, ग्रॅममध्ये लिहून ठेवा.

त्या ओळीचे महत्त्व आम्हांला नंतर कळले. गिनीपिग आपले दुखणे दाखवत नाही. शिकार होणाऱ्या प्राण्याची ती जन्माची सवय आहे. तो कोपऱ्यात अंग फुगवून बसतो, आणि केसांच्या दाटीमुळे हाडे वर येईपर्यंत तो वाळल्याचे डोळ्यांना समजत नाही. त्यात त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. एखादा दिवस पोटात चारा गेला नाही की ते मंदावते, वायू धरतो, आणि मग टाके कितीही चांगले असले तरी प्राणी हाती लागत नाही. कुत्र्याला शस्त्रक्रियेपूर्वी रात्रभर उपाशी ठेवतात तसे याला ठेवत नाहीत, कारण त्याला उलटी होत नाही आणि उपवास मात्र सोसत नाही. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात प्रकृतीची खरी खबर देणाऱ्या गोष्टी दोनच: लेंड्या आणि वजन.

आमच्या गावात काट्यांना तोटा नाही. कापसाचा काटा क्विंटलचा हिशेब करतो, आणि किराणा दुकानातला काटा पाच-पाच ग्रॅमच्या पायरीने पुढे सरकतो. दिवसाला तीन ग्रॅम वाढणाऱ्या जिवासाठी दोन्ही निरुपयोगी. शिवाय व्यापाराच्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो, तसा या स्वयंपाकघरातल्या काट्यावर नसतो. कापूस विकणाऱ्या घरात हा प्रश्न उठणारच होता. खोके उघडताच चिंगीच्या मालकिणीच्या आजोबांनी विचारले, "काहून वं पोरी, हा काटाबी काटा मारते काय?"

म्हणून आम्ही त्याची परीक्षा घेतली. दहा रुपयांच्या नाण्याचे वजन ७.७१ ग्रॅम असते; नव्या नाण्यांत किंचित फरक आहे, पण दहा नाणी मिळून ७७ ग्रॅमच भरायला हवीत, आणि भरली. एवढ्या हलक्या वजनावर जमलेला काटा नऊशे ग्रॅमलाही खरा बोलेलच असे नाही, हा आजोबांचा पुढचा आक्षेप रास्त होता. तेव्हा मुलीने दहा मिलीलीटरच्या सिरिंजने पन्नास वेळा पाणी भरून गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतले आणि काट्याने ४९८ दाखवले. दोन ग्रॅमची चूक सिरिंजची, हाताची की काट्याची हे ठरवता येत नाही; आमच्या कामासाठी ती चालण्यासारखी होती.

वापरताना समजलेली पहिली गोष्ट अशी की दोन काट्यांची वजने एकमेकांशी ताडू नयेत. दवाखान्यात शस्त्रक्रियेपूर्वी चिंगी ९१२ ग्रॅम होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या काट्यावर ८९६. हा फरक कमी खाण्याचा, खड्याचा की काट्यांचा, याचा विचार करण्यात अर्थ नव्हता. आम्ही ८९६ हाच पाया धरला आणि त्याच्या दहा टक्के खाली, म्हणजे ८०६ वर, वहीत लाल रेघ ओढली. तिच्या जवळ वजन आले तर रात्र असली तरी फोन करायचा, असे डॉक्टरांनी बजावले होते.

दुसरी गोष्ट पात्राची. प्लास्टिकची टोपली ठेवली तर तिच्या काठाखाली आकडे झाकले जात, त्यामुळे अरुंद बुडाचा स्टीलचा गंज निवडला, तळाशी जुन्या टॉवेलची घडी घातली, कारण डिसेंबरच्या पहाटे गार स्टीलवर टाके पडलेले पोट टेकवणे बरे नव्हे. आधी रिकामा गंज ठेवून शून्याचे बटण दाबायचे आणि मग चिंगीला आत सोडायचे. ती हलली की आकडाही हलतो, आणि आकडा धरून ठेवण्याची सोय या काट्यात नाही. कोथिंबिरीची एक काडी तोंडासमोर धरली की ती दोन-तीन सेकंद स्थिर राहते. तेवढ्यात वाचून घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि इथे आम्ही पहिल्याच दिवशी फसलो. आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी मिळणारी चाऱ्याची पूड कोमट पाण्यात कालवून, एक मिलीलीटरच्या बिनसुईच्या सिरिंजने, पुढच्या दातांमागील फटीत बाजूने घालायची आणि प्रत्येक घासानंतर तिला चावू द्यायचे, असा क्रम होता. दिवसाला साठ मिलीलीटर, दर चार तासांनी दहा. भरवून झाल्याबरोबर वजन केले तर ते अर्थातच दहा ग्रॅमने वाढलेले दिसते, आणि आपण उगाच खूश होतो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाच्या भरवणीपूर्वीचेच वजन वहीत लिहू लागलो.

त्या वहीतील आकडे असे: पहिल्या सकाळी ८९६, मग ८६८, ८४६ आणि चौथ्या दिवशी ८३९. चौथ्याच सकाळी काट्याने आधी २९.६ दाखवले आणि घरात क्षणभर कोणी बोलेना. मुलीच्या अंगठ्याने बाजूचे एकक बदलण्याचे बटण दाबले गेले होते आणि काटा ग्रॅम सोडून औंसात बोलत होता. आम्ही त्या बटणावर चिकटपट्टी लावली. ती कंपनीनेच लावून द्यायला हरकत नव्हती. पाचव्या दिवशी ८४२ आणि सहाव्या दिवशी ८५१ भरले. भरवणे वाढवलेले नसताना वजन चढले, याचा अर्थ ती रात्री आपणहून मारवेलचे वाळलेले गवत खाऊ लागली होती. डॉक्टरांना आकडे कळवले आणि त्यांच्या सांगण्यावरून रात्री दोनची भरवणी बंद झाली. एकोणिसाव्या दिवशी ९०१.

औषधांतही काटा उपयोगी पडला. वेदनाशामकाचे थेंब वजनाच्या हिशेबाने ठरतात, म्हणून डॉक्टर फोनवर आधी सकाळचा आकडा विचारत आणि मग मात्रा सांगत. इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. टाक्यांची एक बाजू लाल दिसली तेव्हा शेजारच्या एका हितचिंतकाने घरात उरलेले लहान मुलांचे अमॉक्सिसिलीनचे सरबत आणून दिले होते. पेनिसिलीनच्या कुळातील औषध तोंडाने दिले तर गिनीपिगच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि प्राणी दगावू शकतो. ते सरबत आम्ही आभार मानून परत केले आणि लालीचा फोटो डॉक्टरांना पाठवला.

आहार मोजण्यात मात्र काट्याचा उपयोग अर्धाच झाला. गिनीपिगला माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, आणि जखम भरण्यासाठी ते लागते. दहा ग्रॅम पेरूत ते साधारण वीस मिलीग्रॅम असते, तेव्हा बिया काढून तेवढीच फोड तोलून देणे सोपे झाले. उरलेला हिरवा पाला तोलून किती खाल्ले हे काढण्याचा प्रयत्न फसला, कारण पाला रात्रभरात नुसता सुकूनही हलका होतो. लसूणघास तोलण्याचा प्रश्नच उरला नाही. ती बंद झाली. गिनीपिग चाऱ्यातील कॅल्शियम भरपूर शोषून घेतो आणि जास्तीचे लघवीवाटे टाकतो, आणि आम्ही गोठ्यासाठी पेरलेली, कॅल्शियम जास्त असलेली लसूणघास मोठ्या वयाच्या चिंगीला वर्षभर कौतुकाने चारत होतो. खड्याला तेवढे एकच कारण नसते असे डॉक्टर म्हणाले, पण ते आमच्या समाधानासाठी म्हणाले असावेत.

आता तक्रारी. दोन मिनिटे हालचाल नसली की काटा आपोआप बंद होतो, आणि गंजासकट पुन्हा सुरू केला की गंजाचे वजन शून्य धरतो. चिंगी आत असताना असे झाले तर तीही शून्य ठरते, आणि सगळे पुन्हा करावे लागते. पडद्याला उजेड नाही. पहाटे वीज गेलेली असली की एक जण विजेरी धरणार, एक जण गंज आणि एक जण कोथिंबीर, असे तिघे उठत होतो. सेल उतरू लागले की बंद पडण्याऐवजी तो चुकीचे सांगू लागतो, हा मात्र गंभीर दोष आहे. दहाव्या दिवशी वजन एकाएकी तीस ग्रॅमने घसरलेले दिसले. आजोबांनी फोन हातात घेण्याआधी दहा नाणी ठेवून पाहिली, ती ७४ भरली. नवे पेन्सिल सेल घातल्यावर चिंगी ८७० होती. तेव्हापासून नाण्यांची पुरचुंडी काट्याच्या खोक्यातच असते आणि वजनापूर्वी ती ठेवून पाहणे हा नियम झाला आहे.

थोडे जास्त पैसे खर्च करता येत असतील तर आकडा धरून ठेवणारा आणि उजेडाचा पडदा असलेला काटा घ्यावा. नाहीतर हाही पुरतो, फक्त सेलची एक जास्तीची जोडी त्याच दिवशी घ्यावी, कारण ते गावात सकाळी सहाला मिळत नाहीत. काटा शस्त्रक्रियेच्या आधीच घरात असता तर आमच्या काट्यावरचे तिचे निरोगीपणाचे वजन आम्हांला माहीत असते. ते आता कधीच कळणार नाही. सध्या दर सोमवारी वजन होते. या सोमवारी ९३३ भरली, आणि कोथिंबीर संपल्यावर गंजाबाहेर उडी मारण्याचा प्रयत्नही केला.