सीटखालचं पिवळं कपलर आणि न बदललेलं मॉड्यूल

पुण्यात गाडीची सीट गरम कशाला लागते, हा प्रश्न येणारच, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. आमची गाडी जुनी, जर्मन, दिल्लीच्या मालकाकडून आलेली. पुढच्या दोन्ही सीटना हीटर आहेत. सासूबाईंना कंबरदुखी. त्या डावीकडे बसतात आणि खंबाटकी ओलांडून वाईला पोचेपर्यंत, भर मे महिन्यात एसी लावूनसुद्धा, पाठीला शेक घेतात. आम्ही हसतो, पण त्यांना आराम पडतो हे खरं. तो डावीकडचा हीटर बंद पडला आणि तो दुरुस्त करून घेताना साडेअडतीस हजार रुपये गेले. पैशांपेक्षा वाईट गोष्ट नंतर उघडकीला आली, आणि मुख्यतः तिच्यासाठी हे लिहिते आहे.

लक्षण असं होतं: बटण दाबलं की दिवा लागायचा आणि काही सेकंदांत आपोआप विझायचा. उजवी सीट मात्र व्यवस्थित तापत होती.

यातली रचना मुळात साधी आहे. बसायच्या गादीत आणि पाठीत बारीक तारेच्या किंवा कार्बनच्या जाळ्या असतात. 12 व्होल्टवर एक सीट साधारण 4 ते 8 अँपियर घेते, म्हणजे 50 ते 100 वॅट. तापमान सांगणारा छोटा सेन्सर असतो आणि हे सगळं सांभाळणारं मॉड्यूल, आमच्या गाडीत सीटच्या खाली. जाळीकडे जाणारा रस्ता कुठेही तुटलेला आढळला की मॉड्यूल स्वतःच हीटर बंद करतं, म्हणून दिवा विझतो. बिघाड फ्यूजमध्ये असू शकतो, बटणात, जाळीत, मॉड्यूलमध्ये किंवा नुसत्या वायरमध्ये. सीट पुढेमागे सरकते, तिच्याबरोबर खालची वायरही ओढली जाते आणि कधीतरी आतून तुटते. सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती तीच, त्यामुळे तिचं नाव सहसा कोणी आधी घेत नाही.

गॅरेज उपनगरातलं, चकचकीत. काचेची केबिन, फिल्टर कॉफी. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. त्यांनी गाडीला स्कॅन मारला आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर कोडची लांबलचक यादी आली. "मॅडम, गाडीची अवस्था बघा." त्या यादीतले बहुतेक कोड जुने होते, कधीतरी बॅटरी उतरली तेव्हा नोंदलेले. कामाचा कोड एकच: डाव्या सीट हीटरचं सर्किट ओपन. त्याचा अर्थ रस्ता कुठेतरी तुटलाय एवढाच. कुठे, ते कोड सांगत नाही, ते मीटर लावूनच शोधावं लागतं.

मीटर लावलाही, तोही माझ्या डोळ्यांसमोर. मॉड्यूलमधून जाळीकडे जाणाऱ्या पिनांवर मल्टिमीटर धरला, बटण दाबलं, आकडा शून्य. "येतंय का काही? मॉड्यूल डेड आहे." गाडीचं इंजिन त्या वेळी बंद होतं, नुसतं इग्निशन चालू. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की सीटचा हीटर इंजिन सुरू असतानाच चालतो, नाहीतर बॅटरी उतरेल. म्हणजे नवं कोरं मॉड्यूल असतं तरी त्या पिनांवर शून्यच दिसलं असतं. ही चाचणी अज्ञानातून झाली असं मी मानत नाही. उजव्या, चालू सीटवर तोच मीटर लावून दाखवा म्हटल्यावर "त्याची गरज नसते" असं उत्तर मिळालं होतं.

मॉड्यूल 27,000, जर्मनीहून मागवावं लागेल. काही दिवसांनी डबा आला, तो उघडून दाखवला आणि "आत बसवायला" नेला. डब्यावरच्या पार्ट नंबरच्या स्टिकरचा फोटो मी काढला होता. तेवढ्यात डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटल्याचं त्यांनीच दाखवलं. आता "सेन्सर कोडिंग" करावं लागणार, 6,500. मजुरी 5,000. पक्कं बिल मागितल्यावर "मग टॅक्स लागेल मॅडम" हे ठरलेलं वाक्य. लेटरहेडवर "इलेक्ट्रिक काम" एवढंच लिहून दिलं, जीएसटी नंबर नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव गॅरेजचं नव्हतं, कुण्या भलत्याच माणसाचं होतं. हीटर चालू झाला होता, गाडी हवी होती, पैसे दिले.

काही आठवडे शेक मिळाला आणि पुन्हा दिवा विझायला लागला. गॅरेजचं म्हणणं, मॉड्यूल "जळालं" तर गॅरंटी नाही, आता जाळी बदलू, सीट पूर्ण उघडावी लागेल.

नणंदेच्या ओळखीने भोसरीतल्या एका वयस्कर वायरमनकडे गेले. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. इंजिन चालू ठेवलं, बटण दाबलं आणि सीट हळूहळू मागे सरकवली. एका ठरावीक जागी दिवा विझला. पुढे आणली, बटण दाबलं, दिवा टिकला. "ताई, मॉड्यूल असं सीटच्या जागेवरून रुसत नाही, ही वायर आहे." मग इंजिन बंद करून बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबले आणि नंतरच सीटचे बोल्ट खोलले. ज्या सीटमध्ये एअरबॅग बसवलेली असते तिला हात लावताना हा क्रम पाळायचाच असतो. इग्निशन चालू ठेवून एअरबॅगचं कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, उपसलं की एअरबॅगचा दिवा पेटतो. गॅरेजमध्ये तो का पेटला असेल, हे तिथेच कळलं.

सीट उलटी केल्यावर तीन गोष्टी दिसल्या. तुटलेली वायर नुसती पिळून तिला काळी टेप मारलेली, सीट सरकल्यावर ती पुन्हा सुटलेली. मॉड्यूल जुनंच, धुळीने माखलेलं, स्टिकरवर साल आमच्या गाडीच्या उत्पादनाचं आणि नंबर डब्यावरच्या फोटोशी न जुळणारा. म्हणजे 27,000 रुपयांची टेप.

तिसरी गोष्ट बघून वायरमनकाका स्वतःच गप्प झाले. एअरबॅगचं पिवळं कपलर सुटं लोंबत होतं आणि गाडीकडून येणाऱ्या बाजूच्या पिनांत दोन-तीन ओहमचा छोटासा रेझिस्टर खुपसून त्यावर टेप मारलेली. गाडीचा कॉम्प्युटर एअरबॅगचा रोध मोजून ती जोडलेली आहे की नाही ते ठरवतो. तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर लावला की त्याला वाटतं सगळं ठीक आहे, दिवा विझतो. प्रत्यक्षात सासूबाईंच्या बाजूची एअरबॅग जोडलेलीच नव्हती. हेच ते 6,500 रुपयांचं "कोडिंग". या अवस्थेत आम्ही हायवेला जाऊन आलो होतो.

काकांनी वायरचा खराब तुकडा काढून थोडी जास्त लांबीची नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, एअरबॅगचं कपलर जागेवर बसवलं आणि 1,200 रुपये घेतले. पावती न मागता दिली.

फोटो घेऊन गॅरेजमध्ये गेले तर मालक म्हणाला, "तुम्ही बाहेर सीट उघडलीत, आता आमची जबाबदारी संपली." 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गॅरेजने उत्तरच दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. आपण दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, घटनेपासून 2 वर्षांत दाखल करावी लागते आणि वकील सक्तीचा नाही. ग्राहक पंचायतीचं काम 1974 साली आपल्या पुण्यातच सुरू झालं. तिथल्या एका कार्यकर्त्यांनी माझा अर्ज वाचून त्यातला राग काढून टाकला आणि तारखा घालायला लावल्या. कच्चं बिल असलं तरी क्यूआरच्या पेमेंटची नोंद, मॉड्यूलबद्दलचे व्हॉट्सअॅप मेसेज आणि डब्याचा फोटो कामाला आले.

नोटीस गेल्यावर गॅरेजमधून फोन आला, 10,000 घ्या आणि मिटवा. सासूबाई स्पीकरवर ऐकत होत्या. "एअरबॅगचे किती धरलेत त्यात?" असं त्यांनी विचारलं आणि फोन कट झाला.

कोणाच्या गाडीची सीट अलीकडे उघडली गेली असेल, कव्हर शिवायला, ड्रायक्लीनिंगला, कशालाही, तर सीटखालचं पिवळं कपलर नीट जोडलंय का हे माहितगार माणसाकडून बघून घ्या. स्वतः ओढाताण करू नका. डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला असणं हा पुरावा नाही. आणि सीट हीटरसाठी कोणी मॉड्यूल सांगितलं तर इंजिन चालू ठेवून दोन्ही सीटवर मीटर लावायला सांगा, आणि सीट सरकवून बघायला सांगा. काढलेला जुना पार्ट पैसे देण्याआधी हातात घ्या.

गॅरेजने आयोगात लेखी म्हणणं दिलंय की मॉड्यूल त्यांनी नवीनच बसवलं होतं, भोसरीवाल्यांनी ते बदललं. आम्ही त्या नव्या मॉड्यूलच्या खरेदीचं बिल मागितलंय. अजून दाखवलेलं नाही.