कण-लहर प्रयोगसंच: लेझरचा भाग चोख, फोटोसेल तपासूनच घ्या

बारावी आणि बीएस्सीच्या प्रॅक्टिकलसाठी मिळणाऱ्या या संचात एकाच पेटीत दोन प्रयोग बसवलेत. एका बाजूला ६५० नॅनोमीटरचा डायोड लेझर आणि दुहेरी चिरेची स्लाइड. दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम फोटोसेल (प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारी निर्वात नळी), हॅलोजन दिवा, पाच रंगीत फिल्टर आणि मीटर. इकडे प्रकाश लहर, तिकडे कण. दर्जा मात्र दोन्हीकडे सारखा नाही.

लेझरच्या भागाबद्दल तक्रार नाही. दोन चिरांमधलं अंतर ०.२५ मिमी, प्रत्येक चिरेची रुंदी ०.०५ मिमी. भिंत स्लाइडपासून २ मीटरवर ठेवली (लेझरपासून मोजणं ही नेहमीची चूक) की उजेडाच्या लागोपाठच्या पट्ट्यांत ५.२ मिमी अंतर पडायला हवं, आणि पडतं. एकच अंतर मोजू नका. मधल्या झगझगीत भागात नऊ पट्टे दिसतात. पुढचा, म्हणजे मधल्यापासून पाचवा, गायब असतो, कारण चिरांमधलं अंतर रुंदीच्या पाचपट आहे. पहिल्याच्या मध्यापासून नवव्याच्या मध्यापर्यंत ४१.६ मिमी भरतात. भागायचं आठने, नऊने नाही. स्लाइड कापडाने पुसली की ओरखडे पडतात, धूळ फुंकणीनेच उडवा.

खरी कसोटी फोटोसेलची. फिल्टर ६३५, ५७०, ५४०, ५०० आणि ४६० नॅनोमीटरचे. लाल ते निळा एवढ्या टप्प्यात स्टॉपिंग पोटेन्शियल (करंट थांबवायला लागणारं उलटं व्होल्टेज) ०.७४ व्होल्टने वाढलं पाहिजे. ते ०.६५ नेच वाढलं तर प्लांकचा स्थिरांक (प्रकाशकणाची ऊर्जा आणि वारंवारता जोडणारा आकडा) ६.६३ ऐवजी ५.८ (× १०⁻³⁴ जूल-सेकंद) येतो आणि विद्यार्थी आकडे ‘जुळवायला’ लागतात. दोष बहुतेक वेळा तिघांपैकी एकाचा असतो. पहिला, अॅनोडवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकावर) पडलेला प्रकाश: तिथूनही इलेक्ट्रॉन सुटतात आणि उलटा करंट वाहतो, त्यामुळे मीटर खऱ्या बिंदूच्या आधीच शून्य दाखवतो. म्हणून शून्यावर थांबू नका, व्होल्टेज पुढे वाढवत न्या आणि ग्राफची शेपटी जिथे सपाट होते तो बिंदू घ्या. दुसरा, रंगीत काचेचे फिल्टर: ते लिहिलेल्या आकड्याच्या अलीकडचा थोडा प्रकाशही सोडतात. तिसरा, फोटोसेलच्या काचेवरचे बोटांचे ठसे आणि पावसाळी दमटपणा. त्यातून करंट गळतो. पेटीत सिलिका जेलची पुडी हवीच, ती या संचात नव्हती.

पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर एक चाचणी करा. दिवा वीस मिनिटं तापू द्या, फोटोसेल झाकून मीटर शून्यावर आणा, निळा फिल्टर लावा. दिवा २५ सेमीवर ठेवून स्टॉपिंग पोटेन्शियल घ्या, मग ३५ सेमीवर. प्रकाश जवळजवळ निम्मा होतो, करंटही उतरतो, पण स्टॉपिंग पोटेन्शियल जागचं हलता कामा नये. १९०५ साली आइनस्टाइनने मांडलेलं नेमकं हेच. दुसऱ्या दशांश स्थळावर आकडा सरकत असेल, तर शून्य नीट लागलेलं नाही किंवा सेल गळतो आहे. फिल्टरशिवाय दिवा सेलवर कधीच सोडू नका.

माहितीपुस्तिका मात्र भलतीच धाडसी आहे. काळी पट्टी लेझरसमोर धरली की ‘एकेक फोटॉन’ (प्रकाशाचा कण) चिरेतून जातो, असं तिच्यात छापलंय. १ मिलिवॅट लाल लेझरमधून सेकंदाला सुमारे ३ × १०¹⁵ फोटॉन निघतात. पट्टीने हजारपट मंद केलं तरी २ मीटरच्या वाटेत एका वेळी वीसेक हजार असतात. सरासरी एकच उरावा असं वाटत असेल तर दोन कोटीपट मंद करावं लागेल, आणि मग भिंतीवर डोळ्यांना काहीही दिसणार नाही. १९०९ मध्ये केंब्रिजच्या जी. आय. टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने अशाच अतिक्षीण प्रकाशात सुईची सावली टिपली, तेव्हा फोटोच्या काचेला सुमारे तीन महिने उजेड द्यावा लागला होता. ते पान फाडून टाका, संच घ्या.